घोडीच्या नोंदणीचे कागद करून देणारे काका, काटोल रोड: माझा अनुभव

आधीच सांगते, या काकांचं नाव मी इथं टाकत नाहीये. त्यांनीच नको म्हटलं. रिटायर्ड माणूस, बोर्ड नाही, दुकान नाही, फेटरीच्या पुढे घर आहे आणि सगळं काम फोनवर चालतं. पण नागपुरात घोडा पाळणाऱ्यानं कागदांसाठी कोणाकडं जावं हे विचारता विचारता मी इतकी थकली होती की दुसऱ्या कोणावर ती वेळ येऊ नये म्हणून हे लिहून राहिली. मोठं होईल, पण ज्याला घोडी घ्यायची आहे त्यानं पूर्ण वाचा.

आमच्या आजोबांचा इतवारीत टांगा होता. त्या काळात घोड्याला कागद असतो हे कोणाच्या स्वप्नात पण नव्हतं, दात पाहायचे, चाल पाहायची, पैसे मोजायचे, झालं. बाबांची फार वर्षांची इच्छा होती की घरी परत एक घोडी यावी, आणि मला ती मारवाडी जातीचीच पाहिजे होती, शाळेत असल्यापासून ते आत वळलेले, टोकाला टोक लागणारे कान माझ्या डोक्यात बसले आहेत. मग डिसेंबरात दत्तजयंतीला आम्ही सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेत गेलो, तापीकाठी, एकमुखी दत्ताच्या यात्रेला, आणि तिसऱ्या दिवशी ही घोडी दिसली. कुमैत (म्हणजे तांबूस-तपकिरी अंग, काळी आयाळ), कपाळावर पांढरा टिकला, मागचा डावा पाय पांढरा. बाबा तिच्यासमोरून हललेच नाहीत. व्यापाऱ्यानं सांगितलं रजिस्टर्ड आहे, अंगात ओळखीची चिप बसवलेली आहे, गाभण आहे, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून प्रमाणपत्र काढून हातात दिलं. शिक्का, फोटो, आकडे, सगळं होतं त्यावर. मी वाचलं का, तर हो वाचलं, पण घोडीजवळ उभं राहून वाचलं नाही, गाडीत बसून वाचलं. तेच चुकलं. रात्रभर जळगाव, अकोला, अमरावती करत पिकअपमधून तिला घरी आणलं आणि जानेवारी अर्धा होईपर्यंत आम्ही फक्त आनंदात होतो.

कागदांचा विषय निघाला तो शिंगरूमुळं. माझ्या मनात होतं की शिंगरू झालं की त्याची पण नोंद करायची, मग मी चौकशी करायला लागली, तर जितकी माणसं तितकी उत्तरं. एक म्हणाला घोडीचा कागद आहे ना, शिंगराचा आपोआप होतो. (नाही होत.) एकानं फोटो व्हॉट्सॲपवर मागवले आणि चार दिवसांत सर्टिफिकेट घरपोच म्हणाला, घोडी न पाहता, पैसे आधी. त्याला मी पैसे दिले नाहीत हे माझं नशीब. शेवटी चारा-पेंडीच्या दुकानात एका लग्नाच्या घोडीवाल्या दादानं या काकांचा नंबर दिला आणि म्हणाला, ताई, हा माणूस हळू आहे पण खोटं नाही बोलत.

काका पशुसंवर्धनात होते, पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी झाली त्यांची. फोनवर मी कागदाबद्दल सांगायला लागली तर म्हणाले, "ताई, कागद मंग पाहू, आधी घोडी पाहू द्या." मला तेव्हा थोडा राग आला होता, कारण मला कागदाचंच विचारायचं होतं ना.

रविवारी सकाळी आले, सोबत एक तरुण डॉक्टर मॅडम, सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजमधून शिकलेल्या. काकांनी आल्या आल्या सांगून टाकलं की आकृती काढणं, वय लिहिणं, चिप, सही, हे डॉक्टरचं काम, माझ्या सहीला काही किंमत नाही. मला हे फार आवडलं. आपल्याकडं उलटं चालतं, ज्याला अधिकार नाही तोच आधी शिक्का काढतो.

मग त्यांनी जे केलं ते मी कधी पाहिलं नव्हतं. घोडीला तबेल्याबाहेर उन्हात सपाट जागेवर उभी केली, खोगीर नाही, झूल नाही, फक्त मोरकी. बादलीभर पाणी घेऊन मागचा डावा पाय ओला केला, कारण कोरड्या केसांत पांढरा भाग नेमका कुठं संपतो ते दिसत नाही, ओल्या पायावर खालची गुलाबी कातडी आणि काळी कातडी यांची हद्द साफ दिसते. मॅडमनं कोऱ्या आकृतीवर (डावी बाजू, उजवी बाजू, समोरून तोंड, मान, पाय, सगळं छापलेलं असतं) लाल पेननं पांढऱ्या खुणांची हद्द काढली आणि काळ्या पेननं केसांच्या भोवऱ्यांना फुली मारली. कपाळावर भोवरा एकच, डोळ्यांच्या रेषेच्या जरासा वर. मानेवर डाव्या बाजूला एक, आयाळीच्या खाली, उजव्या बाजूला दोन. भोवऱ्यांच्या जागा प्रत्येक घोड्याच्या वेगळ्या असतात आणि त्या मरेपर्यंत बदलत नाहीत, म्हणून एकाच रंगाच्या दोन घोड्या उभ्या केल्या तरी भोवऱ्यांवरून ओळखता येतात. आमचे आजोबा भोवरे पाहायचे ते शुभ-अशुभ म्हणून, मानेवर असला, म्हणजे देवमण, तर चांगला, डोळ्याखाली असला तर घोडा दारात नको. तेच भोवरे इथं ओळख म्हणून. बाबा बाजूला उभे राहून प्रत्येक फुलीला मान हलवत होते.

पुढच्या पायांच्या आतल्या बाजूला गुडघ्याच्या वर तो खडबडीत कातडीचा घट्टा असतो ना, त्याचा पण आकार पाहिला. मग तोंड उघडून दात. पुढचे मधले दोन दुधाचे दात अडीच वर्षांच्या आसपास पडून पक्के येतात, त्याच्या बाजूचे साडेतीनला, कोपऱ्याचे साडेचारला, पाचव्या वर्षी तोंड पूर्ण. आमची पूर्ण होती. कागदावर वय चार लिहिलं होतं. इथं काका पहिल्यांदा माझ्याकडं वळले आणि म्हणाले, "आता आणा तुमचा कागद."

कागदावर पण कुमैत, कपाळावर टिकला, मागचा एक पाय पांढरा. पण उजवा. आणि मानेच्या उजव्या बाजूला दोन भोवरे होते तिथं आकृतीत एकच फुली.

माझ्या पोटात गोळा आला. मी म्हटलं काढणाऱ्यानं डावं-उजवं चुकवलं असेल, काका म्हणाले असं होतं, म्हणून आपण अजून काही बोलायचं नाही, चिप पाहू. चिप म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी असते, मानेच्या डाव्या बाजूला मधोमध, आयाळीच्या थोडं खाली, आत खोल टोचलेली. स्कॅनर फिरवला तर बीप वाजला, मॅडमनं पंधरा आकडे मोठ्यानं वाचले आणि मी कागदावर बोट ठेवून मागं मागं जात होती. शेवटचे तीन आकडे जुळले नाहीत. परत वाचले. परत नाही जुळले. मग उजव्या बाजूनं पण स्कॅनर फिरवला, दुसरी चिप तर नाही ना म्हणून. नव्हती.

म्हणजे घोडी चांगली, चिप खरी, कागद पण खरा, फक्त हा कागद या घोडीचा नाही.

आता इथं कोणी दुसरा असता तर दोन गोष्टी झाल्या असत्या, एक तर मला घाबरवून पैसे काढले असते, नाहीतर म्हणाला असता की नवीन चिप टाकू, नवीन कागद करू, कोणाला कळत नाही. काका माझ्या ओसरीत बसले, चहा घेतला, आणि म्हणाले कागदावर ज्याचं नाव मालक म्हणून आहे त्याला फोन लावू, व्यापाऱ्याला नाही. राजस्थानात जालोरकडचे एक गृहस्थ निघाले. काकांनी त्यांच्याशी हिंदीत वीस-पंचवीस मिनिटं बोलणं केलं, आवाज न चढवता, आरोप न करता, फक्त चिपचा आकडा सांगून विचारलं की हा तुमच्या वहीत कोणत्या घोडीसमोर आहे. त्यांनी वही काढली. एकाच दिवशी एकाच व्यापाऱ्याला दोन घोड्या विकल्या होत्या, दोघी कुमैत, दोघींना टिकला, एक चार वर्षांची आणि एक सहाची, आणि कागद कोणाकडून तरी अदलाबदली झाले. आमचा कागद भुसावळकडं एका माणसाकडं होता, त्याच्या घोडीचा कागद आमच्याकडं. त्या बिचाऱ्याला तर अजून माहीतच नव्हतं. व्यापाऱ्यानं माझे फोन नंतर उचलले नाहीत, मी त्याच्याबद्दल अजून काही लिहित नाही, त्यानं मुद्दाम केलं की गडबडीत झालं हे मला सिद्ध करता येणार नाही.

पुढचं काम कंटाळवाणं होतं म्हणून थोडक्यात सांगते. दोन्ही मूळ कागद एकमेकांना पोचवणं, जालोरच्या मालकाकडून मालकी बदलाच्या अर्जावर दोन्ही घोड्यांसाठी नव्यानं सह्या घेणं, घोडीची ओळख पटवणारा डॉक्टर मॅडमचा दाखला, नवीन फोटो, हे सगळं जोडून नोंदणी करणाऱ्या सोसायटीकडं पाठवणं. माझे पहिले फोटो परत आले कारण एकीकडून झाडाची सावली पायावर होती आणि पांढरा पाय दिसतच नव्हता, दुसऱ्यात तिनं कान मागं टाकले होते. काका परत आले, सकाळी आठच्या उन्हात फोटो काढून घेतले, डावी बाजू, उजवी बाजू, समोरून, मागून, चारही पाय दिसतील असे, बाबांना समोर डब्यात चणे वाजवायला उभं केलं म्हणजे ती कान पुढं करते. जानेवारीत सुरू झालं ते जूनमध्ये संपलं. त्यात काकांची दिरंगाई म्हणाल तर महिनाभराची, बाकी कुरिअर आणि सह्या.

या पाच महिन्यांत त्यांच्याकडून मला जे समजलं ते मला यात्रेला जायच्या आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. घोड्याची नोंद ही एक गोष्ट नाहीये. थरोब्रेड म्हणजे रेसचा घोडा असेल तर त्याचं स्टडबुक, म्हणजे जातीची नोंदवही, पुण्याला, तिथले नियम एकदम कडक, शिंगराची आईबापाशी डीएनए जुळणी, आणि कृत्रिम रेतनानं झालेलं शिंगरू थरोब्रेड म्हणून जगात कुठंच नोंदत नाहीत. तिथं सगळ्या घोड्यांचा वाढदिवस १ जानेवारी धरतात. मारवाडीचं स्टडबुकाचं काम २००९ पासून सुरू झालं, त्यात घोडा कागदावर नाही तर प्रत्यक्ष तपासतात, जातीच्या लक्षणांना उतरतो का ते पाहतात, मापं घेतात, खुणा लिहितात, आणि नोंदणीचा आकडा थंड डागानं उमटवायची पद्धत आहे, म्हणजे गोठवलेला शिक्का लावतात आणि त्या जागी पुढं केस पांढरे येतात. काठियावाडी जातीचं गुजरातेत वेगळं. आणि मुलीला शो जंपिंगला पाठवायचं असेल तर इक्वेस्ट्रियन फेडरेशनची, म्हणजे घोडेस्वारीच्या खेळाच्या संघटनेची, नोंद, घोड्याचा पासपोर्ट, तो परत वेगळा, जातीशी त्याचा संबंध नाही. मला वाटत होतं एक कागद झाला की सगळीकडं चालतो.

लग्नाच्या वरातीवाल्यांसाठी एक गोष्ट खास लिहिते कारण नागपुरात पांढऱ्या घोडीला लई मागणी आहे. नुकरा, गुलाबी कातडीची जन्मतः पांढरी, ही मारवाडी म्हणून रजिस्टर्ड आहे असं सांगून कोणी जास्त पैसे मागितले तर थांबा, कारण पांढरे घोडे स्टडबुकात साधारणपणे घेत नाहीत. सब्जा वेगळा, तो गडद जन्मतो आणि वयासोबत पांढरा होत जातो, कातडी काळीच राहते. विकणारे दोन्हीला पांढरीच म्हणतात.

अजून एक. आमच्या ओळखीत एकाकडं दख्खनी तट्टू आहे, अंगानं लहान पण काटक, आणि भीमथडी या दख्खनी घोड्यांच्या जातीला अलीकडं जनावरांच्या जातींची नोंद करणाऱ्या कर्नालच्या संस्थेनं स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली ही बातमी वाचून तो पेढे घेऊन आला की आपलं तट्टू रजिस्टर झालं. काकांनी त्याला समजावलं, की ती जातीची नोंद आहे, जनावराची नाही. भीमथडी नावाची जात आहे एवढं सरकारनं मान्य केलं, तुझं तट्टू भीमथडी आहे का हे अजून कोणी पाहिलेलं नाही. तो नाराज झाला पण गोष्ट बरोबर आहे. आणि काकांनी पेढा खाल्ला, तट्टू पाहायला पण गेले, पैसे न घेता.

शिंगराचं सांगायचं राहिलं. घोडीचे दिवस साधारण अकरा महिने. आमची सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात घोड्याला लावलेली होती, हे आम्हाला कळलं तेच मुळी जालोरच्या मालकाकडून, आणि घोडा ज्याचा होता त्याचा लावल्याचा दाखला, तारीख आणि त्या घोड्याच्या नोंदणीचा आकडा असलेला, तो पण काकांनी त्यांच्याकडूनच मिळवला. विकत घेताना गाभण घोडी घेत असाल तर हा दाखला तिथंच मागा, नंतर घोडेवाला सापडत नाही. आणि विचार करा, घोडीचा कागद तसाच चुकीचा राहिला असता आणि मी शिंगराचे केस डीएनएसाठी तपासायला पाठवले असते तर कागदावरची आई जुळलीच नसती, आणि मी आयुष्यभर समजत बसली असती की घोडेवाल्यानं फसवलं.

ऑगस्टमध्ये झालं शिंगरू, रात्री अडीचला, धो धो पावसात, घोडीनं कोणालाच हाक मारू दिली नाही. मादी शिंगरू. पंधरा दिवसांनी काका आणि मॅडम आले. केस कापून नाही चालत, मुळासकट उपटावे लागतात, कारण डीएनए मुळात असतो. शिंगराची आयाळ फार बारीक म्हणून शेपटीचे घेतले. मॅडमनं चिमूटभर केस बोटाला गुंडाळून एका झटक्यात ओढले, शिंगरू एकदा उडालं आणि परत आईला पिऊ लागलं. केस उन्हाकडं धरून मला दाखवले, प्रत्येकाच्या टोकाला पांढरा बारीक दाणा, खसखशीच्या दाण्याहून लहान. ज्याला दाणा नाही तो बाजूला टाकला. बाकीचे कागदावर चिकटपट्टीनं लावून, वर नाव, आईचा चिप आकडा, तारीख लिहून पाकिटात, आईचे वेगळ्या पाकिटात, एकाला लावलेला हात धुऊन मगच दुसरीला. रंग लिहिताना पण मॅडम थांबल्या. मला तर कुमैतच दिसत होतं, आईसारखं. त्यांनी डोळ्यांभोवतीचे दोन-चार पांढरे केस दाखवले. बाप सब्जा होता, म्हणजे ही पण पुढं पांढरी पडत जाणार, आणि आज नुसतं कुमैत लिहिलं तर पाच वर्षांनी कागद एक आणि घोडी दुसरी दिसेल. तसं त्यांनी शेऱ्यात लिहून दिलं.

ग्लँडर्सबद्दल एक परिच्छेद लिहिलाच पाहिजे. हा रोग घोड्यातून माणसाला होतो, जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या २००९ च्या कायद्यात येतो, आणि मेळा, शो, परराज्यात नेणं, कुठंही निगेटिव्ह रिपोर्ट मागतात. रक्त सरकारी डॉक्टर घेतात आणि तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. काका यात दलाली करत नाहीत, सरळ म्हणतात की सरकारी दवाखान्यात जा, अर्ज कसा लिहायचा ते मी सांगतो, पण लवकर जा, निघायच्या आठवड्यात नको. ट्रकनं न्यायची असेल तर प्रवासाला तंदुरुस्त असल्याचा डॉक्टरचा दाखला पण लागतो, हा नियम १९७८ पासूनचा आहे, आणि आम्ही सारंगखेड्याहून तो न घेताच आलो होतो. वाटेत कोणी विचारलं नाही म्हणून चाललं.

आता तक्रारी. पावती देत नाहीत, मी मागितली तेव्हा वहीच्या पानावर लिहून दिली. ऑनलाइन पेमेंट नाही, रोख. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो दोन-दोन दिवस उघडत नाहीत, आणि मार्चमध्ये मुलीकडं पुण्याला गेले तर तीन आठवडे काम जागच्या जागी राहिलं, मला आधी सांगितलं असतं तर मी कुरिअर स्वतः केलं असतं. फाइल एकच, त्यांच्या घरी, त्यामुळं मी आता प्रत्येक कागदाचा फोटो माझ्याकडं ठेवते आणि तुम्ही पण ठेवा. माझ्याकडून सगळ्या फेऱ्या धरून ४,५०० घेतले, मॅडमची फी वेगळी, सोसायटीची फी मी स्वतः भरली. मला हे पैसे कमीच वाटले. पाचपैकी साडेचार देते, अर्धा त्या मार्चसाठी कापला.

भुसावळच्या त्या भाऊंशी आता घरोबा झाला आहे, त्यांच्या घोडीचे आणि आमच्या घोडीचे फोटो आम्ही एकमेकांना पाठवत असतो, शेजारी शेजारी ठेवले तर अजून पण बाबा चष्मा लावून मागचा पाय पाहतात.

नंबर पाहिजे असेल तर मला मेसेज करा, त्यांना विचारून देईन. फोन सकाळी नऊच्या आत लावा, दुपारी ते उचलत नाहीत. आणि बोलावलं तर घोडीला आदल्या दिवशी धुऊन ठेवा, चिखलात भोवरे दिसत नाहीत, मग ते परत जातात.